धुराड्याची चूल घेताय? आधी हे वाचा

परवा कुरखेड्यात एका ओळखीच्या ताईंनी विचारलं, "भाऊ, थंडीत सारे चुलीपाशीच बसतो. धुराड्याची कोणती बसवू?"

फलटणच्या 'आरती' संस्थेची लक्ष्मी चूल मला आवडते. सिमेंटची, दोन भांड्यांची, धुराडं असलेली.

दुसरं भोक मात्र उघडं ठेवू नका. पहिल्या भांड्याखालची आच तिथूनच धुराड्याकडे जाते. भोक उघडं राहिलं की धूर खोलीत. भात पुढे, पाणी मागे, असं चालू द्या. भांडीही भोकावर घट्ट बसणारी हवीत.

धुराडं छपरापेक्षा चांगलं दोन फूट उंच न्या. कौलांजवळ लाकडी फाटे असतील तर अंतर सोडा. काजळी वरचेवर काढा. लोक इथेच आळस करतात आणि चुलीला नावं ठेवतात!

आपल्याकडचा धावडा, ऐन छान जळतो; पण ओलं सरपण कोणत्याही चुलीत धुमसणारच. फोडून, पावसाआधी छपराखाली रचा.

आणि बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळायच्या आत जीव जातो.

छप्पर कौलाचं की टिनाचं, घरात माणसं किती, ते कमेंटमध्ये लिहा. सांगतो.