क्रीट ते पिरिअस : एका जलमार्गाची कथा

ग्रीस देशाचा नकाशा पाहिला म्हणजे यात भूमी किती आणि समुद्र किती, असा प्रश्न पडतो. लहानमोठी बेटे व खडक मिळून त्यांची संख्या सुमारे सहा हजार भरते. त्यांपैकी मनुष्यवस्ती आहे ती दोनशेहून थोड्या अधिक बेटांवर. जे काम भारतात रेल्वे आणि मोटारी करतात, ते तेथे बव्हंशी आगबोटीला करावे लागते. टपाल, औषधे, सिमेंट, भाजीपाला हे सारे तिच्या पोटातून बेटावर येते. आणि बेटावरचा विद्यार्थी, रुग्ण अथवा नोकरीच्या शोधात निघालेला तरुण तिच्यातूनच मुख्य भूमीवर जातो. या शेकडो जलमार्गांपैकी क्रीट बेटाहून पिरिअस बंदराकडे जाणारा मार्ग इतिहासाने आणि अनुभवाने विशेष समृद्ध आहे.

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. तेथून अथेन्सकडे निघालेल्या पहिल्या प्रसिद्ध प्रवाशाची कथा पुराणातील आहे. नॉसॉसच्या भुलभुलैयातील नरवृषभाला ठार करून थीसिअस घराकडे निघाला; पण विजय मिळाल्यास काळी शिडे उतरवून पांढरी चढवावयाची, हे ठरलेले तो विसरला. काळी शिडे दिसताच पुत्र मेला असे समजून त्याचा वृद्ध पिता ईजिअस याने समुद्रात उडी घेतली. त्या समुद्राला त्याचे नाव पडले, ते आजतागायत चालू आहे. बेटावरून येणाऱ्या गलबताकडे डोळे लावून किनाऱ्यावर कोणी तरी उभे असते, हे सत्य या कथेने फार प्राचीन काळी सांगून ठेवले आहे.

आजचा प्रवासी बेटाच्या पश्चिम भागातील हानिया शहराजवळच्या सूदा बंदरात बोटीवर चढतो. सूदाचा उपसागर खोल व डोंगरांच्या कुशीत लपलेला असल्याने जहाजांना तेथे उत्तम आसरा मिळतो. ग्रीक बोटीची धक्क्याला लागण्याची रीत पाहण्यासारखी असते. ती पुढचा नांगर टाकून पाठमोरी धक्क्याकडे सरकते आणि पिछाडीचा रुंद लोखंडी दरवाजा पुलासारखा खाली सोडते. त्यावरून मालमोटारी, खाजगी गाड्या व पायी चालणारी माणसे आत शिरतात. मालमोटारींत संत्री, टोमॅटो, ऑलिव्हचे तेल असा बेटाचा माल भरलेला असतो. वरच्या मजल्यांवर ज्याच्या ऐपतीप्रमाणे खोली, आरामखुर्ची किंवा उघड्या डेकवरची जागा. बोट बहुधा रात्री सुटते आणि सुमारे दीडशे सागरी मैल, म्हणजे जवळजवळ पावणेतीनशे किलोमीटर अंतर तोडून सकाळी पिरिअसला पोहोचते.

मात्र ती सुटेलच असे नाही. उन्हाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, 'मेल्टेमी' नावाचा उत्तरेचा वारा आकाश निरभ्र असतानाही या समुद्राला खवळून सोडतो. हिवाळ्यातील वादळे तर याहून उग्र. वाऱ्याचा जोर ब्यूफोर्टच्या शून्य ते बारा या अंशांनी मोजतात. तो साधारणतः आठाच्या आसपास गेला की बंदराचे अधिकारी मोठ्या बोटींनाही मनाई करतात. वेगवान हलक्या बोटी त्याआधीच थांबतात. मनाई झाली म्हणजे धक्क्यावर मालमोटारींची रांग लागते, फळे नासू लागतात, आणि प्रवासी चिडून अधिकाऱ्याला बोल लावतात. त्यांच्या रागाला उत्तर म्हणून 1966 सालची एकच रात्र पुरेशी आहे.

त्या वर्षीच्या 7 डिसेंबरला संध्याकाळी 'हिराक्लिऑन' नावाची बोट वादळी हवेत सूदाहून पिरिअसकडे निघाली. मध्यरात्रीनंतर फाल्कोनेरा या निर्जन खडकाळ बेटाजवळ तिच्या पोटातील एक अवजड मालमोटार सुटली आणि हेलकाव्यांबरोबर आपटत राहून तिने बाजूचा दरवाजा तोडला. पाणी आत घुसले व थोड्याच वेळात बोट बुडाली. दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. वाचली ती पन्नासांच्या आत. पुढे न्यायालयाने बोटीच्या मालकांना निष्काळजीपणाबद्दल शिक्षा ठोठावली.

क्रीटच्या लोकांनी केवळ शोक केला नाही. 1967 साली बिशप इरिनेऑस गालानाकिस यांच्या पुढाकाराने त्यांनी स्वतःचीच आगबोट कंपनी स्थापन केली. शेतकरी, दुकानदार, शिक्षक यांनी लहान लहान भाग विकत घेतले. 'किडॉन' ही तिची पहिली बोट 1970 मध्ये पिरिअसच्या मार्गावर धावू लागली. 1972 मध्ये हिराक्लिऑन शहराच्या नागरिकांनीही तोच कित्ता गिरवला. हानियाची ही लोककंपनी पुढे अर्धशतकाहून अधिक काळ चालून 2023 मध्ये एका मोठ्या समूहात विलीन झाली.

कोकणच्या माणसाला ही हकीकत ओळखीची वाटेल. स्वदेशीच्या काळात लोकांच्या भांडवलावर 'माझी आगबोट कंपनी' उभी राहिली होती, आणि 1947 सालच्या 17 जुलै रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट याच कंपनीची होती. त्या दिवशी सहाशेहून अधिक माणसे बुडाली. बोट कोणाच्या मालकीची, हा प्रश्न महत्त्वाचा खराच. परंतु मालकी आपली झाली म्हणून समुद्र दया करीत नाही. 'आज सुटावयाचे नाही' असे सांगण्याचा अधिकार ज्याला आहे आणि जो तो बजावतो, असा माणूसही धक्क्यावर असावा लागतो. बोटीवरची दक्षताही तितकीच आवश्यक. 2000 सालच्या 26 सप्टेंबरला 'एक्स्प्रेस सामिना' ही बोट पारोस बेटाजवळच्या, सर्वांना ठाऊक असलेल्या खडकावर आदळली व ऐंशीच्या वर माणसे दगावली. जलरोधक दरवाजे उघडे राहिल्याने पाणी झपाट्याने पसरले होते.

सुरक्षिततेखालोखाल प्रश्न खर्चाचा. क्रीटसारख्या मोठ्या बेटाला प्रवाशांची वाण नाही. परंतु जेथे हिवाळ्यात चारदोनच माणसे बोटीत चढतात, अशा चिमुकल्या बेटांना कोणती कंपनी बोट पाठवील? अशा मार्गांना ग्रीक लोक 'नापीक मार्ग' म्हणतात आणि सरकार कंपन्यांना पैसा देऊन ते चालू ठेवते. हा खर्च हिशेबाच्या वहीत तोट्याचा दिसतो. पण तो थांबला तर बेटावरची शाळा बंद पडते, तरुण कुटुंबे निघून जातात आणि बेट ओस पडू लागते.

पहाटे सूनिऑनचे भूशिर मागे पडले की बोट सारॉनिक आखातात शिरते. पुढे पिरिअस : थेमिस्टोक्लीजच्या काळापासून अथेन्सचे बंदर, आणि आज साऱ्या ईजिअन समुद्राचे जणू मोठे स्थानक. बंदराजवळूनच राजधानीला नेणारी आगगाडी 1869 पासून धावते आहे. पिछाडीचा दरवाजा खाली येतो, मालमोटारी मंडईची वाट धरतात, माणसे गर्दीत मिसळून जातात. रात्री काय टळले याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आणि प्रवाशाला तसा विचार करावा न लागणे, हेच चांगल्या जलवाहतुकीचे खरे लक्षण होय.