लाखमोलाचा खलाशी!

'कंट्री' म्हटलं की मुंबईकराला आधी बारची पाटी आठवते. थांबा, ग्लास खाली ठेवा! विषय गाण्याचा आहे.

माहीत आहे का? अमेरिकेची कंट्री-क्वीन डॉली पार्टन जन्मली, तेव्हा डॉक्टरांना फी मिळाली पोतंभर मक्याचं पीठ! 1973 मध्ये तिने आपल्या बालपणावर अख्खा अल्बम काढला आणि त्यात एक गाणं त्या डॉक्टरांवर. उधारी चुकती, व्याजासकट.

आता दुसऱ्या एका गायकासाठी गलबत पकडा. चला ओमानला!

तिथल्या सूर बंदरात 1910 च्या सुमारास सालिम रशीद सुरी जन्मला. गाव सूर, नाव सुरी, काम गाण्याचं. बेसूर व्हायची सोयच नाही! आखातात त्याची ओळख 'गाणारा खलाशी'. गायकी 'सौत', साथीला ऊद हे तंतुवाद्य आणि मिरवास. मिरवास म्हणजे दोन तोंडांचा एवढासा ढोल. मिरवतो मात्र मोठ्या ढोलासारखा.

आणि रेकॉर्डिंगला स्वारी कुठे आली, माहीत आहे का? आपल्या मुंबईत! 1930 च्या दशकात, एचएमव्हीसाठी. तेव्हाची तबकडी म्हणजे काळी कुळकुळीत, दहा इंची, मिनिटाला 78 फेरे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. तान जरा लांबली की सुई आतल्या लेबलाला टेकलीच! आणि ती बनायची लाखेची. तीही बरीचशी भारतातली, पळस-कुसुमाच्या फांद्यांवर किड्यांनी तयार केलेली. गळा ओमानी, रेकॉर्डिंग मुंबईचं, मेहनत किड्यांची. लाखमोलाचं गाणं ते हेच!

मुंबई-ओमान ये-जा करताना सुट्ट्या पैशांचं काय? नो टेन्शन. ओमानमध्ये 1970 पर्यंत रुपया चालायचा.

पुढे या पठ्ठ्याने बहारीनला स्वतःची रेकॉर्ड कंपनी थाटली. नाव? सालिमफोन! मोबाइलचं दुकान वाटतं ना? 1971 मध्ये तो मायदेशी परतला, 1979 मध्ये गेला. डॉलीची गोष्ट एका अल्बममध्ये मावली. याची बंदराबंदरांत विखुरली.

जाता जाता: आपण उंटावरून शेळ्या हाकतो, ओमानचं शाही पथक उंटावरून बॅगपाइप वाजवतं. खरंच!

आणि हो, चोर बाजारात अरबी अक्षरांची जुनी तबकडी दिसली, तर दोन्ही हातांनी उचला. लाख आहे, पडली की फुटलीच.