मणका गुपचूप मोडतो

रत्नागिरीच्या आसपासच्या एखाद्या वाडीत अंगणात आमसुलं वाळत घालणाऱ्या आजीकडे नीट पाहा. ती कमरेत नव्हे, पाठीच्या मध्यावर वाकलेली असते. 'वयच झालं' म्हणून आपण पुढे जातो. पण तसल्या पोकात कित्येकदा दोन-तीन मोडलेले मणके असतात आणि ते कधी मोडले, हे तिलाही ठाऊक नसतं.

एसटीच्या मागच्या सीटवर बसलेला दणका, हंडा उचलताना आलेला हिसका, कधी नुसती जोराची शिंकही पुरते. उसण भरली म्हणून तेल चोळायचं, शेक घ्यायचा. काही आठवड्यांत दुखणं ओसरतं. असे तिनातले जवळपास दोन फ्रॅक्चर निदानापर्यंत पोचतच नाहीत.

मणका बाहेरून भरीव दिसतो, आत मात्र बारीक उभ्याआडव्या काड्यांचं जाळं असतं. हाड खाणाऱ्या आणि हाड भरणाऱ्या पेशी ते सतत नवं करत राहतात. वर्षाला सांगाड्याचा सुमारे 10 टक्के भाग बदलतो! पाळी थांबली की इस्ट्रोजेनचा लगाम सुटतो, खाणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि आडव्या काड्या आधी जातात. मांडवाच्या मेढी उभ्याच, पण त्यांना बांधणाऱ्या आडव्या काठ्या सुटलेल्या, तशी गत होते. ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकातच दाखवलं होतं, की खांबाची आधाराविना लांबी दुप्पट झाली तर तो चौथाई भारालाच वाकतो. म्हणून हाड जातं थोडं आणि ताकद जाते कितीतरी. मग मणक्याची पुढची बाजू चेपते, उंची घटते.

एक मणका मोडलेल्या पाचांतल्या साधारण एकीचा वर्षभरात दुसरा मोडतो, म्हणून पहिला सापडणं फार मोलाचं. आजीला टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून उभं करा. डोक्याची मागची बाजू भिंतीला लागत नसेल, किंवा तरुणपणापेक्षा उंची 4 सेंटीमीटरने कमी झाली असेल, तर पाठीचा बाजूने एक्सरे काढून घ्या.

नाचणीच्या 100 ग्रॅम पिठात 300 मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. ती खावीच, पण तुटलेल्या काड्या एकट्या नाचणीने जुळत नाहीत. त्यासाठी औषधं आहेत, आणि त्यातलं टेरिपॅराटाइड तर अचंबाच आहे. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक रक्तात सतत जास्त राहिलं तर हाडं पोखरतं. त्याच संप्रेरकाचा एक तुकडा रोज एकदा, थोडासा टोचला, तर नवं हाड बांधलं जातं.