संगणकाची कोठी : निवड आणि निगा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

घरी संगणक घ्यायचा ठरला की पडदा केवढा, कंपनी कोणती, किंमत किती याची भरपूर चर्चा होते. परंतु ज्या भागात आपले सारे काही साठून राहते, त्या साठवणीच्या ड्राइव्हची चौकशी सहसा कोणी करीत नाही. ज्वारी घेताना दाणा दाताखाली चावून पाहणारी आपली माणसे येथे मात्र दुकानदार देईल ते मुकाट्याने घेऊन येतात.

मी आमच्या घरातील महाविद्यालयाची पायरी चढलेली पहिलीच. आमच्या घरची कागदपत्रे आजवर लोखंडी पेटीत असत. गेल्या वर्षी वडिलांनी एक जुना संगणक आणला. तेव्हापासून सातबारा, जातीचा दाखला, माझ्या गुणपत्रिका यांच्या प्रती त्यात आल्या. आणि त्यांच्यासोबत आजीच्या जात्यावरच्या ओव्याही आल्या. सुमारे साडेतीन तासांच्या ओव्या मी मोबाईलवर भरून घेतल्या आहेत. आजीला आता धाप लागते, त्यामुळे ती गात नाही. दाखला हरवला तर अर्ज करून दुसरा मिळेल. ओवी हरवली तर ती कोठून आणायची? या एका प्रश्नापायी मी या विषयाच्या मागे लागले. जे समजले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. संगणकाला दोन प्रकारची स्मृती असते. पहिली रॅम. ती वर्गातल्या फळ्यासारखी. काम चालू असेपर्यंत तिच्यावर लिहिले जाते आणि वीज गेली की फळा कोरा होतो. दुसरी म्हणजे ड्राइव्ह. ती वहीसारखी, वीज गेली तरी तिच्यावरचे अक्षर राहते. दुकानात ‘आठ जीबी आणि पाचशे जीबी’ असे सांगतात, तेव्हा पहिला आकडा सामान्यतः फळ्याचा असतो आणि दुसरा वहीचा. प्रस्तुत लेख वहीविषयी आहे.

या वहीचे आज दोन मुख्य प्रकार आहेत : हार्ड डिस्क आणि एसएसडी.

हार्ड डिस्क हा जुना प्रकार. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. तिच्यात दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढे मोठे धूड असूनही तिच्यात जेमतेम ५० लाख अक्षरे मावत. आज मोबाईलवर काढलेल्या एका छायाचित्रालाही तेवढी जागा लागू शकते. आकार बदलला, तरी मूळ युक्ती आजही तीच आहे. चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या गरगर फिरतात आणि एका दांड्याच्या टोकावरचे शीर्ष त्यांवर लिहिते व वाचते. हे शीर्ष तबकडीला टेकत नाही. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही कमी अंतरावर ते तरंगत असते. म्हणूनच चालू हार्ड डिस्कला धक्का बसणे वाईट.

एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते. तिच्यात अतिसूक्ष्म कप्पे असतात आणि त्या कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवलेला असतो. कोणत्या कप्प्यात किती भार आहे, यावरून अक्षर ओळखले जाते. पेन ड्राइव्ह व मोबाईलमधील मेमरी कार्ड ही याच कुळातली भावंडे.

वेगाचा फरक का पडतो, हे साध्या त्रैराशिकाने कळते. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेते असे धरू, म्हणजे सेकंदाला १२०. हवे ते अक्षर शीर्षाखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. त्यात दांडा सरकण्याचा वेळ मिळवला की एका जागी पोहोचायला सेकंदाचे सुमारे १३ हजारांश भाग लागतात. संगणक सुरू होताना ड्राइव्हवरच्या असंख्य ठिकाणांहून थोडे थोडे वाचावे लागते. समजा, अशी दहा हजार ठिकाणे आहेत. हार्ड डिस्कला नुसते तेथे पोहोचायलाच १३० सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून अधिक वेळ लागेल. एसएसडीला एका ठिकाणासाठी सेकंदाचा दहाहजारावा भाग धरला, तर सगळा हिशेब एका सेकंदात आटोपतो. जुना संगणक ‘म्हातारा झाला’ म्हणून टाकून देण्याआधी त्यात एसएसडी बसवून पाहावी असे जाणकार सांगतात, त्याचे इंगित हेच आहे.

आपल्याकडच्या साठवणीची उपमा द्यायची तर हार्ड डिस्क म्हणजे पेव. मावते पुष्कळ, पण काढायला खाली उतरावे लागते. एसएसडी म्हणजे चुलीजवळची डाळीची बरणी. हात घातला की वस्तू हाती. तेवढ्याच पैशात हार्ड डिस्कमध्ये पुष्कळ अधिक जागा मिळते. तेव्हा दोहोंत श्रेष्ठ कोण हा वाद निष्फळ आहे. घराला दोन्ही लागतात. संगणक चालवणारी प्रणाली आणि रोजचे काम एसएसडीवर ठेवावे. जुनी छायाचित्रे, लग्नाच्या चित्रफिती यांसाठी हार्ड डिस्क ठेवावी.

आता खरेदीविषयी. पहिली गोष्ट म्हणजे आपल्या संगणकात काय बसते ते पाहावे. जुन्या संगणकात साटा जोडणी असते; तिला अडीच इंची एसएसडी चालते. नव्या यंत्रांत एम.२ नावाची खाच असते, त्यात च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी बसते. येथे एक खाचखळगा आहे. एम.२ पट्ट्या दिसायला सारख्या असल्या, तरी काही साटा पद्धतीच्या व काही एनव्हीएमई पद्धतीच्या असतात, आणि प्रत्येक खाच दोन्ही स्वीकारतेच असे नाही. म्हणून संगणकाची माहितीपुस्तिका पाहूनच दुकानाची पायरी चढावी. साटा एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, तर अनेक एनव्हीएमई ३५०० ते ७००० एमबीपर्यंत जातात. आकडा मोठा खरा. परंतु निबंध टंकणे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरणे, व्याख्याने ऐकणे एवढ्या कामात हा फरक क्वचितच जाणवतो. हार्ड डिस्कवरून कोणत्याही एसएसडीवर येण्याने पडणारा फरक मात्र डोळ्यांना दिसतो.

दुसरी गोष्ट आकारमानाची. १ टीबीची ड्राइव्ह आणली आणि पडद्यावर ९३१ जीबीच दिसले, तर दुकानदाराने फसवले असे समजू नये. कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज प्रणाली १०२४ च्या पटीने मोजते, एवढाच तो फरक. किती जागा घ्यावी हे आपल्या गरजेवरून ठरवावे. मोबाईलवरच्या ध्वनिमुद्रणाला मिनिटाला सुमारे १ एमबी धरला, तर आजीच्या साडेतीन तासांच्या ओव्या २१० एमबीत मावतात. ५०० जीबीच्या ड्राइव्हचा हा दोन हजारावा भागही नव्हे! तेव्हा जागेचा हव्यास धरण्यापेक्षा वाचलेल्या पैशात दुसरी ड्राइव्ह घेणे शहाणपणाचे. कारण पुढे येईल.

तिसरी गोष्ट आयुष्याची. एसएसडीचा कप्पा ठराविक वेळाच पुन्हा पुन्हा लिहिता येतो. म्हणून कंपनी एकूण लेखनाची मर्यादा देते. उदाहरणार्थ, एखाद्या ड्राइव्हची मर्यादा ३०० टीबी असेल आणि आपण रोज २० जीबी लिहिले, तर ती गाठायला ४१ वर्षे लागतील. यावरून घरगुती वापरात या मर्यादेची भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र ड्राइव्ह त्याआधी दुसऱ्या कोणत्याही कारणाने बंद पडू शकते, हे विसरू नये.

चौथी गोष्ट फसवणुकीची. काही शे रुपयांत ‘२ टीबी’चा पेन ड्राइव्ह कोणी देऊ लागला तर तेथून निघून यावे. अशा मालात खरी जागा थोडीच असते आणि संगणकाला मात्र खोटा आकडा सांगण्याची सोय करून ठेवलेली असते. जागा संपली की नवे लेखन जुन्यावर चढते किंवा हवेत विरून जाते. वापरलेली ड्राइव्ह घेत असाल, तर ‘स्मार्ट’ नावाची तिची अंतर्गत नोंद विनामूल्य मिळणाऱ्या आज्ञावलीने पाहावी. ती किती तास चालली आणि तिच्यात किती जागा निकामी झाल्या, हे त्यात कळते.

आपल्या भागाला विशेष लागू पडणाऱ्या दोन गोष्टी येथे सांगितल्या पाहिजेत. एक म्हणजे विजेचा लपंडाव. लिहिणे चालू असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेली फाईल बिघडू शकते. म्हणून मेजावरच्या संगणकाला लहानसा यूपीएस असावा. दुसरी म्हणजे मराठवाड्याचा उन्हाळा. ड्राइव्ह पत्र्याखाली तापत ठेवू नये. विशेषतः खूप वापरून झिजलेली एसएसडी वीज न देता बराच काळ कपाटात ठेवली, तर कप्प्यांतला भार हळूहळू गळतो आणि उष्णतेत तो अधिक लवकर गळतो. वर्षानुवर्षे पेटीत ठेवायचे असेल तर हार्ड डिस्क बरी. तीही वर्षातून एकदोनदा चालवून पाहावी.

एवढे सगळे जाणून उत्तम ड्राइव्ह आणली, म्हणजे आपला ठेवा सुरक्षित झाला का? माझ्या मते, नाही. कोणतीही ड्राइव्ह एक दिवस बंद पडणारच. हार्ड डिस्क पुष्कळदा टकटक आवाज करून आधी सूचना तरी देते. एसएसडी अनेकदा न बोलता जाते. ठेवा वाचवते ती प्रत.

हे शिकायला परदेशी जाण्याची गरज नाही, आपल्या तालुक्याचे पैठण पुरे आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली सिद्ध झाली. हातांनी केलेल्या नकलांवर ती पुढच्या पिढ्यांपर्यंत आली. परंतु नकलेवर नकल होता होता पाठ अशुद्ध झाले. तेव्हा संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. यातून दोन धडे मिळतात. प्रती अनेक होत्या म्हणून ग्रंथ टिकला; आणि कोणीतरी प्रत तपासली म्हणून तो शुद्ध राहिला. संगणकातही तेच. प्रत केल्यावर ती उघडून, ऐकून, वाचून पाहिलीच पाहिजे. न तपासलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश.

ओव्यांचेच मोठे उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. बर्नार्ड बेल या संगणकतज्ज्ञाच्या मदतीने त्यांची संगणकीय सूची झाली आणि सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. ‘पारी’ या संस्थेने २०१७ पासून त्या आपल्या संकेतस्थळावर आणल्या. १२० तासांचा हा आवाज सीडीच्या प्रतीचा धरला, तरी सुमारे ७६ जीबी होतो. हजारो बायांचा गळा तळहातावरच्या एका ड्राइव्हवर मावेल. म्हणूनच तो एकाच ड्राइव्हवर असता कामा नये!

अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ हा नियम मला सर्वांत उपयोगी वाटला. प्रती ३ असाव्यात, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली १ तरी दुसऱ्या जागी असावी. आमच्या घरी पहिली प्रत संगणकातल्या एसएसडीवर आहे, दुसरी बाहेरून जोडण्याच्या हार्ड डिस्कवर. ती हार्ड डिस्क मामांच्या गावी असते आणि दिवाळीला व उन्हाळ्यात ती आणून आम्ही ताजी करतो. तिसरी प्रत इंटरनेटवरील साठ्यात आहे. घराला आग लागली, चोरी झाली किंवा पाणी शिरले, तरी तिन्ही एकदम जाणार नाहीत.

हा विचार शेतकऱ्याच्या घरात नवा नाही. खाण्याची ज्वारी वेगळी आणि बियाण्याची वेगळी ठेवावी, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. खाण्याची ज्वारी संपली तर बाजारातून आणता येते, पण घरचे वाण एकदा गेले की ते कोणत्याही बाजारात मिळत नाही. तेव्हा ज्यांच्या मोबाईलमध्ये घरच्या माणसांचा आवाज, गेलेल्यांची छायाचित्रे किंवा जुने दस्तऐवज एकाच ठिकाणी पडून आहेत, त्या सर्व विद्यार्थी मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की, नवी ड्राइव्ह कोणती घ्यावी हे सावकाश ठरवा. पण दुसरी प्रत आजच करा, आणि ती उघडून पाहा.