रिपोर्ट नॉर्मल, तरी छातीत धडधड

"वहिनी, मला काहीतरी मोठं झालंय आणि डॉक्टर माझ्यापासून लपवतायत." शेजारची ती हे म्हणाली तेव्हा तिच्या हातात कागदांनी फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. दोन ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन. चार महिन्यांत सात-आठ हजार रुपये त्या पिशवीत गेले होते आणि प्रत्येक कागदावर उत्तर एकच, नॉर्मल.

तिला व्हायचं ते असं. पहाटे नळाला पाणी यायच्या आधीच दचकून जाग यायची. छातीत धडधड, तळहात ओले, घशात काहीतरी अडकल्यासारखं, बोटांना मुंग्या. आता आपलं काही खरं नाही, असंच वाटायचं. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं ओसरायचं, पण दिवसभर 'परत होईल का' ही धास्ती. एकदा भर बाजारात झालं, म्हणून बाजारात जाणं बंद. एकदा एसटीत झालं, म्हणून माहेरी जाणं बंद. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." सासूबाईंनी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. नवऱ्याला आधी हायसं वाटलं, मग तो वैतागू लागला. "काही नाही म्हणाले ना डॉक्टर? मग रोजचं हे काय लावलंयस?"

मैत्रिणींनो, हे 'काही नाही' आपल्याला फार महाग पडतं. तपासण्या करायलाच हव्यात, त्यात वाद नाही. थायरॉइड वाढला, रक्त कमी असलं किंवा साखर एकदम उतरली तरी अशीच धडधड होते. आणि छातीत दुखलं तर 'टेन्शन असेल' म्हणून अंगावर काढणं धोक्याचंच. पण सगळे कागद नॉर्मल आले याचा अर्थ बाई नाटक करतेय असा होत नाही. आजार कदाचित त्या तपासण्यांत न दिसणारा आहे, एवढाच होतो.

मग ही धडधड येते कुठून? अंगणात अचानक साप दिसला तर काय होतं आठवा. विचार करायच्या आधीच मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. अॅड्रिनॅलिन रक्तात येतं, काळीज जोरात चालू लागतं, श्वास भरभर होतो, स्नायू ताठरतात. पळायला किंवा लढायला शरीर तयार होतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी हे उलगडून सांगितलं. साप गेला की शरीर पुन्हा शांत होतं. पण हप्त्याची तारीख, आजारी माणूस, मुलीची बारावी हे साप अंगणातून जातच नाहीत. घंटा वाजतच राहते. कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं संप्रेरक बराच काळ चढलेलं राहतं. मग समोर साप नसतानाही घंटा वाजू लागते. बोटांना मुंग्याही त्यामुळेच येतात. श्वास भरभर घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मुंग्या, चक्कर सुरू होते.

ताण आणि चिंतेचा आजार यांत फरक आहे. ताणाला बहुधा बाहेरचं कारण असतं, ते मिटलं की तो उतरतो. कारण मिटलं तरी काळजी सुटत नाही, सहा-सहा महिने जवळजवळ रोज मन कशाची ना कशाची धास्ती घेत राहतं, झोप आणि कामं बिघडतात, तेव्हा तो आजार असतो. आणि काही मिनिटांत शिगेला पोचणारा तो झटका, त्याला पॅनिक अॅटॅक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये जगात ३० कोटींहून अधिक लोकांना चिंतेचे आजार होते आणि त्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त.

बायका जास्त का? बाळंतपणानंतर, पाळी जाताना संप्रेरकं खालीवर होतात, हे एक. पण तेवढंच नाही. शेजारणीला अखेर आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेलं. तिथल्या डॉक्टर बाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "ताई, रात्री सलग किती तास झोप होते?"

ती रडायलाच लागली. सासऱ्यांना अर्धांगवायू होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यांना कुशीवर वळवायला ती रात्री तीनदा उठायची. दुकान मंदावलेलं. त्यात बचत गटाचे हिशेब तिच्याकडे आणि गटातल्या एकीने कर्जाचे हप्ते थकवलेले. बँकेचा माणूस दारात येईल या भीतीने मोटारसायकलचा आवाज आला तरी तिच्या पोटात गोळा यायचा. यातलं नवऱ्याला निम्मंसुद्धा माहीत नव्हतं. चार महिन्यांत तिच्या रक्ताबद्दल सगळ्यांनी विचारलं होतं, झोपेबद्दल कुणीच नाही.

हे असंच चालू राहिलं तर काय होतं? चिडचिड वाढते, मुलांवर हात उगारला जातो आणि मग रात्रभर अपराधी वाटतं. गॅसवर दूध ठेवलंय हेही आठवत नाही. डोकेदुखी, पित्त, मानदुखी मागे लागते, पाळीचं चक्र बिघडू शकतं. भीती वाटते ती जागा टाळली की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण भीती आणखी मोठी होते. जग बाजारापासून आक्रसत स्वयंपाकघरापर्यंत येतं. आणि पुष्कळदा चिंतेच्या पाठोपाठ नैराश्य येतं.

उपाय आहे, आणि तो उपयोगी पडतो. शेजारणीला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि आधीच बजावलं, गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत. 'वेड्यांच्या गोळ्या, सवय लागते' ही भीती आपल्याकडे मोठी. खरं म्हणजे चिंतेवर सहसा दिल्या जाणाऱ्या या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. सवय लागू शकते ती मेडिकलमधून परस्पर आणलेल्या झोपेच्या गोळ्यांची. सोबत समुपदेशन झालं. टाळलेल्या गोष्टी पायरीपायरीने परत करायच्या. आधी नुसतं एसटी स्टँडवर जाऊन यायचं, मग एक थांबा, मग दोन. झटका आला तर पळायचं नाही. श्वास सावकाश सोडायचा आणि 'हे ओसरणार आहे' असं स्वतःला सांगायचं.

पण गोळीने सासऱ्यांना कुशीवर कोण वळवणार? डॉक्टर बाईंनी नवऱ्यालाही आत बोलावलं. आता आठवड्यातल्या तीन रात्री तो उठतो. थकलेल्या हप्त्यांची गोष्ट गटाच्या बैठकीत सगळ्यांसमोर मांडली गेली. एकटीच्या डोक्यावरचं ओझं दहाजणींत वाटलं गेलं.

तिला सगळ्यात मोठी भीती होती ती गावाची. "मानसोपचाराच्या रांगेत कुणी पाहिलं तर मुलीचं लग्न कसं जमेल?" २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. तरी पाऊल उचलत नसेल तर टेलिमानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ हा नंबर फिरवायचा, दिवसरात्र कधीही, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. जीव नकोसा वाटू लागला तर मात्र एक तासही थांबू नका. घरात कुणाला तरी सांगा, फोन करा, दवाखाना गाठा. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं की चिंता, नैराश्यासारखे आजार असलेल्या दहांपैकी आठांहून अधिक जणांना उपचारच मिळत नव्हते. त्यांत आपल्या ओळखीच्या किती असतील!

शेजारीण आता पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एखादी पहाट अजून तशी उजाडते. पण परवा ती एकटी एसटीने माहेरी जाऊन आली. येताना माझ्यासाठी शेवग्याच्या शेंगा आणल्या.

तुमच्या जावेला, नणंदेला, शेजारणीला 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणायच्या आधी एकदा विचारून बघा, "रात्री झोप होते का गं?" आणि हे तुम्हाला कुणी विचारत नसेल तर तुम्हीच सांगायला सुरुवात करा.