शेजाऱ्याची दुर्बीण

वाचकहो, १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, हे आपल्याला ठाऊक आहेच. अशा मोठ्या सामन्यांत गोळी कोठे लागली ते नेमबाजाला शेजारच्या पडद्यावर तत्काळ दिसते. पण जेथे कागदी लक्ष्ये लावतात तेथे हे काम तिपाईवरच्या एकनळी दुर्बिणीचे. पॉइंट टू-टूची गोळी अवघी ५.६ मिलिमीटर जाडीची, आणि दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे. ५० मीटरवरून ते भोक नुसत्या डोळ्याला दिसणार कसे?

दुर्बीण महाग, तेव्हा प्रत्येकाजवळ ती असणार नाही. मागून घेण्यात कमीपणा नाही. पण केव्हा मागावी, हे कळले पाहिजे. पाळी सुरू होण्यापूर्वी मागावी, नाहीतर रायफल खाली ठेवल्यावर. नेम धरून बसलेल्या माणसाला "जरा बघू का?" असे विचारणे म्हणजे त्याची समाधी मोडणे होय.

दुसरी गोष्ट हात न लावण्याची. मालकाने दुर्बीण अशी बेतून ठेवलेली असते की, अंग न हलवता डोळा तिच्याशी यावा. ती एक अंश जरी ढळली, तरी ५० मीटरवर नजर सुमारे ८७ सेंटिमीटर बाजूला जाते. मग बिचारा शेजारच्या लक्ष्यावरची भोके आपली म्हणून मोजू लागतो! आणि चित्र अंधुक दिसले म्हणून कडे फिरवू नका. उन्हात तापलेल्या हवेच्या लहरी पाहण्यासाठी जाणते नेमबाज मुद्दामच लक्ष्याच्या थोडे अलीकडे दृष्टी स्थिर करतात. लहरी सरळ वर चढल्या तर हवा पडलेली. कलल्या तर वारा त्या बाजूला वाहतो आहे. तुमच्या एका पिळाने त्याची ही वाऱ्याची खूण जाते.

तिसरी गोष्ट जिभेची. "अरेरे, आठच!" असे मोठ्याने म्हणू नये. काहीजण मन स्थिर राहावे म्हणून मधेच गुण पाहत नाहीत. शिवाय सामना चालू असताना वाऱ्याबद्दल सुचवणे नियमाबाहेरचे ठरू शकते. त्याचा दंड ज्याला सुचवले त्याला बसायचा. शंका असल्यास पंचांना आधी विचारावे.

आणि रायफलीवर बसवलेल्या दुर्बिणीतून 'सहज' इकडेतिकडे पाहणे कटाक्षाने टाळा. जिकडे ती दुर्बीण वळते, तिकडे नळीचे तोंडही वळते!

मालकाचेही कर्तव्य आहेच. तिपाईचे पाय आपल्या जागेत ठेवावेत, पाळी संपताच सामान आवरावे. द्यायची नसेल तर "आत्ता नको" असे सरळ सांगावे. मागणाऱ्यानेही राग धरू नये. सामन्यात प्रत्येक जण आपापल्या गुणांसाठी झटत असतो. शेजाऱ्याचे गुण आपल्या हातून जाऊ नयेत, एवढे तरी प्रत्येकाला पाळता येते.