नऊ वेळा एक

मळवलीजवळच्या कार्ला लेण्यांत सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या चोविसाव्या राज्यवर्षातील एक दानलेख आहे. त्यात वर्षाचा आकडा शब्दांत आणि अंकांतही कोरलेला आहे. मात्र त्या अंकांत दोन आणि चार शेजारी येत नाहीत. विसासाठी एक स्वतंत्र चिन्ह आहे व चारासाठी दुसरे. अंकाची किंमत त्याच्या जागेवरून ठरावी, ही पद्धत त्या लेखनात नाही. ती पुढे रूढ झाली आणि मोठ्या संख्यांची अंगभूत रचना डोळ्यांना दिसू लागली.

एकच उदाहरण घेऊ. नऊ एक ओळीने लिहून होणाऱ्या १११११११११ या संख्येचा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो. ही सतरा अंकी संख्या उलटसुलट सारखीच वाचली जाते. तिच्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे नवाचा वर्ग.

यात चमत्कार नाही. १११ ला १११ ने गुणताना १११ तीनदा लिहितो, प्रत्येक वेळी एक घर डावीकडे सरकवून. उभ्या बेरजा १, २, ३, २, १ येतात; उत्तर १२३२१. नऊ एक घेतले की मधल्या घरात नऊ एक जमतात, आणि नऊ हा एका घरात मावणारा सर्वांत मोठा अंक आहे.

अशा संख्यांचा अभ्यास देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकविणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी केला. ज्या रेल्वे स्थानकावर ही कल्पना सुचली, त्याच्याच नावावरून त्यांनी या संख्यांना 'डेम्लो' म्हटले; ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. ६१७४ या संख्येमुळे जगभर पोहोचलेले हे नाव एका शाळामास्तरांचे आहे, याचा आम्हां शिक्षकांना विशेष अभिमान वाटतो.

आता दहा एक घेऊ. नऊ वेळा खरा ठरलेला क्रम दहाव्या वेळीही टिकेल, असे कोणालाही वाटेल. पण मधल्या घरात दहा जमतात, हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ येते. डावीकडील आठ नाहीसा झाला, सममिती मोडली. अंकांची बेरीजही शंभराऐवजी ८२ भरते. कारण प्रत्येक हातच्यागणिक ती नवाने घटते आणि येथे हातचे दोन आहेत.

नऊ दाखले म्हणजे सिद्धता नव्हे, हे आम्हांस येथे अधोरेखित करावयाचे आहे. ज्याने केवळ क्रम पाठ केला तो दहाव्या पायरीवर फसतो. ज्याने कारण जाणले त्याला नियमाची मर्यादा आधीच कळते. पालकांनी हा गुणाकार मुलांकडून कागदावर अवश्य करून घ्यावा. उत्तर सांगू नये, दहाव्या ओळीशी मूल थबकले की "असे का?" एवढेच विचारावे.